आवाज बिघडला तर आधी विंडोजमध्येच शोधा: ऑडिओ ड्रायव्हरच्या साधनांचं परीक्षण

ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखाद्या यंत्राशी, इथे आवाजाचं काम करणाऱ्या साउंड चिपशी, बोलता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम. तो बिघडला तर उपयोगी पडणाऱ्या ज्या साधनांबद्दल लिहिते आहे ती वेगळी विकत घ्यावी लागत नाहीत. विंडोज ११ असलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये ती असतात: डिव्हाइस मॅनेजर, सर्व्हिसेसची यादी, साउंड सेटिंग्ज, विंडोज अपडेटमधलं ऑप्शनल अपडेट्सचं पान आणि गेट हेल्प. त्यांच्या जोडीला बाहेरची दोन घेतली आहेत. एक लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर, आणि दुसरा ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ करून देतो म्हणणारा एक प्रोग्रॅम.

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना खाली शोधत बसायला नको. ऑडिओ ड्रायव्हरनं त्रास दिला तर डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण आणि विंडोजचा स्वतःचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा ड्रायव्हर, या दोन गोष्टींवर माझा सगळ्यांत जास्त भरवसा आहे. नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर, हे समीकरण मला मान्य नाही, आणि ते का, हेच मुख्यतः पुढे लिहिलं आहे.

मी घरी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. ती ऐकणारे श्रोते दृष्टिहीन आहेत. डोळ्यांनी वाचणाऱ्याला परिच्छेद संपल्याचं पानावर दिसतं. माझ्या श्रोत्याला ते माझ्या आवाजाच्या उतारावरूनच कळतं. वाक्याचा शेवट हळू होतो, शेवटचं अक्षर जवळजवळ श्वासात विरतं, मग थोडी शांतता, मग पुढचं वाक्य. ती शांतताही मला रेकॉर्डिंगमध्ये हवी असते, खोलीच्या हलक्या गुणगुणीसकट. त्यामुळे ‘आवाज येतोय ना, मग झालं’ एवढ्यावर माझं भागत नाही.

बिघाड झाला तोही असाच, सहज लक्षात न येणारा. कॉम्प्युटरवर साउंड चिपचा नवा ड्रायव्हर बसला होता. स्पीकर वाजत होते, माइक चालू होता, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह नव्हतं. पण रेकॉर्ड केलेलं परत ऐकलं तर वाक्यांचे शेवट कापलेले. ‘होतं’मधला शेवटचा ‘तं’ अर्धा, ‘ह’ तर कित्येकदा गायबच. दोन वाक्यांच्या मधली शांतता नुसती शांत नव्हती, ती मेलेली होती. खोलीचा आवाज दाराआड कोंडल्यासारखा अचानक बंद व्हायचा आणि पुढच्या वाक्याबरोबर अचानक उघडायचा. श्रोत्यांपैकी एका आजींनी विचारलं, “बाई, तुम्ही हल्ली वाक्य अर्धवट का सोडता?” कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही तपासणीनं जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

हे काम नॉइज सप्रेशनचं, म्हणजे मागचा गोंगाट आपोआप दाबणाऱ्या सोयीचं होतं. ड्रायव्हरबरोबर हल्ली आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्रॅम येतात. विंडोजच्या भाषेत त्यांना ऑडिओ प्रोसेसिंग ऑब्जेक्ट म्हणतात. माइकमधून आलेला आवाज रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचायच्या आधी या चाळणीतून जातो. मीटिंगसाठी ही सोय उत्तम आहे: पंख्याचा आवाज जातो, कीबोर्डची टकटक जाते. पण चाळणीचा नियम साधारण असा असतो की जे बारीक आणि सलग आहे ते नको असलेलं. वाचणाऱ्याचा विरत जाणारा शेवटचा स्वरही बारीकच असतो. तोही त्यातच जातो.

आता एकेक साधन.

पहिलं साउंड सेटिंग्ज. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मग इनपुटखाली आपला माइक निवडला की त्याच्या पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ असा एक रकाना असतो. तिथे ‘ऑफ’ निवडलं की ड्रायव्हरबरोबर आलेल्या प्रक्रिया बंद होतात, निदान व्हायला हव्यात. माझ्याकडे फरक पडला, पण अर्धाच. कारण चिपच्या कंपनीचं वेगळं कंट्रोल अ‍ॅप होतं आणि त्यात नॉइज सप्रेशनचा स्वतंत्र खटका होता. तो तिथे जाऊनच बंद करावा लागला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. एकच गोष्ट दोन जागी बंद करावी लागू शकते, आणि एका जागेला दुसरीची खबर असेलच असं नाही. तरीही माइक विचित्र वाटला की सुरुवात इथूनच करावी. इथे काही काढून टाकायचं नसतं, त्यामुळे काही बिघडतही नाही.

याच पानाच्या आसपास आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांना लोक ड्रायव्हरचा दोष समजतात. माइकमध्ये काहीच येत नसेल तर प्रायव्हसीच्या पानावर अ‍ॅपना माइक वापरायची परवानगी आहे का ते बघा. आणि कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज खाली जात असतील तर ‘मोअर साउंड सेटिंग्ज’मधून उघडणाऱ्या जुन्या खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ हा टॅब बघा. इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा पर्याय तिथे आधीपासून निवडलेला असतो. तो ‘डू नथिंग’वर ठेवला की झालं. यात ड्रायव्हरचा काही संबंध नाही.

दुसरं डिव्हाइस मॅनेजर, आणि यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण खरी ताकद इथे आहे आणि ती अशा नावांआड आहे की माणूस चुकीचं बटण आधी दाबतो. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक केलं की यादीत डिव्हाइस मॅनेजर सापडतो. त्यात ऑडिओशी संबंधित दोन फांद्या आहेत. ‘ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स’मध्ये माइक, स्पीकर, मॉनिटर अशी टोकं दिसतात. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’मध्ये खरा चिप असतो. ड्रायव्हरचं काम दुसऱ्या फांदीवर करायचं. तिथे बहुतेकांना एकापेक्षा जास्त नावं दिसतील. मदरबोर्डवरचा साउंड चिप एक, आणि एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरला आवाज पाठवणारा भाग दुसरा. हा दुसरा भाग ग्राफिक्स कार्डाचा असतो आणि त्याचा ड्रायव्हर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबरोबर येतो. मॉनिटरच्या स्पीकरमधून आवाज येत नसेल तर साउंड चिपचा ड्रायव्हर दहा वेळा बसवूनही काही होणार नाही. कुठलं यंत्र वाजत नाहीये हे आधी ठरवणं, याला मी फार महत्त्व देते.

त्या नावावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की पहिल्याच टॅबवर यंत्राची स्थिती लिहिलेली असते. त्यात कोड असेल तर तो वाचा. कोड १० म्हणजे यंत्र सुरूच होऊ शकलं नाही. कोड २२ म्हणजे कुणीतरी ते बंद करून ठेवलं आहे, ‘एनेबल’ म्हटलं की चालू. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड ४५ म्हणजे यंत्र जोडलेलंच नाही. एवढ्या चार आकड्यांनी शोधाची दिशा ठरते, त्यामुळे ते पाठ असलेले बरे.

आता ‘अपडेट ड्रायव्हर’. यात दोन पर्याय येतात. पहिला ‘आपोआप शोधा’ या अर्थाचा. तो बहुतेक वेळा ‘तुमच्या यंत्रासाठीचे सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसलेले आहेत’ असं उत्तर देतो. या वाक्याचा अर्थ नीट घ्यायला हवा. कॉम्प्युटरच्या साठ्यात जे ड्रायव्हर आहेत त्यांच्यातला योग्य तो बसलेला आहे, एवढंच ते सांगतं. आवाज ठीक आहे, असं ते सांगत नाही. माझे शब्द कापले जात होते तेव्हाही उत्तर हेच होतं, आणि त्याच्या अर्थानं ते बरोबरही होतं.

दुसरा पर्याय ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’. त्यातून पुढे ‘लेट मी पिक’ असा मजकूर असलेल्या ओळीवर गेलं की एक छोटी यादी उघडते. सुसंगत ड्रायव्हरच त्यात दाखवले जातात, आणि मदरबोर्डवरच्या चिपसाठी तिथे सहसा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असं नाव असतं. हाच तो साधा ड्रायव्हर. तो चालतो याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. इंटेलनं २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे प्रमाण, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी पाळायचा तांत्रिक नियम, आणलं. त्याआधी १९९७ पासूनचं एसी-९७ होतं. नव्या प्रमाणात आठ चॅनेल, ३२ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंतची सोय आहे, पण आपल्या दृष्टीनं त्याहून मोलाची गोष्ट अशी की कॉम्प्युटरनं चिपशी बोलायचं कसं हे त्यात ठरवून दिलेलं आहे. चिप कुणाचाही असो, मूलभूत बोलणं तेच. म्हणून मायक्रोसॉफ्टनं विंडोज व्हिस्टापासून एकच सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्येच दिला आणि तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपवर चालतो.

मी तो बसवला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि तोच परिच्छेद वाचला. शेवटचा ‘तं’ परत आला. श्वास आला. मागची हलकी गुणगुण आली, आणि तिच्यासकट खोली आली. कंपनीच्या ड्रायव्हरमधला इक्वलायझर गेला, जॅक खोचल्यावर ‘काय लावलंत’ असं विचारणारी खिडकी गेली, पुढच्या आणि मागच्या जॅकना वेगळी कामं द्यायची सोय गेली. मला त्यातलं काहीही नको होतं. ज्यांना सिनेमासाठी सभोवती आवाज लागतो किंवा हेडफोनसाठी खास प्रक्रिया वापरायची सवय आहे, त्यांना हा ड्रायव्हर ओका वाटेल. आणि लॅपटॉपवाल्यांनी जपून. काही लॅपटॉपमध्ये पडद्याजवळचे माइक वेगळ्या डिजिटल प्रक्रियकातून जोडलेले असतात, इंटेल स्मार्ट साउंड हे त्यातलं एक नाव. तिथे साधा ड्रायव्हर बसवला तर स्पीकर वाजतील पण माइक दिसेनासा होऊ शकतो. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरचा आवाजही पातळ होतो, कारण तो भरदार वाटावा म्हणून लागणारी जुळणी कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असते.

‘रोल बॅक ड्रायव्हर’ त्याच प्रॉपर्टीजच्या ‘ड्रायव्हर’ टॅबवर आहे. आधीचा ड्रायव्हर साठ्यात असेल तर ते बटण दाबता येतं, नसेल तर ते मंद दिसतं. दाबल्यावर कारण विचारतात, एखादं निवडायचं, आणि आधीचा ड्रायव्हर परत येतो. ‘कालपर्यंत चांगलं होतं, आज बिघडलं’ अशी स्थिती असेल तर याच्यासारखं दुसरं औषध नाही. इंटरनेट लागत नाही, फाइल शोधावी लागत नाही. त्याची मर्यादा एवढीच की ते फक्त एक पाऊल मागे नेतं, आणि विंडोज अपडेट तोच नवा ड्रायव्हर काही काळानं पुन्हा देऊ शकतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी या विंडोजचे नियम ठरवणाऱ्या साधनातून अपडेटबरोबर ड्रायव्हर येणं थांबवता येतं. ज्यांचं काम आवाजावर अवलंबून आहे त्यांनी ते करावं असं मी म्हणेन, पण मग वर्षातून अधूनमधून स्वतः लक्ष घालावं लागतं, हेही स्वीकारायचं.

‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’बद्दल एक गोष्ट. त्या खिडकीत ड्रायव्हरही काढून टाकायचा का, असा एक चौकोन असतो. तो रिकामा ठेवला तर फक्त यंत्राची नोंद जाते. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की विंडोज साठ्यातून तोच ड्रायव्हर काढून परत बसवतं, आणि माणसाला वाटतं आपण एवढं केलं तरी काही बदललं नाही. कधीकधी तेवढ्यानंही काम होतं, कारण बिघडलेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात. पण ड्रायव्हरच नको असेल तर त्या चौकोनात खूण करायला हवी. आणि ती करण्याआधी चालत्या ड्रायव्हरची प्रत काढून ठेवावी. पीएनपीयुटिल नावाची आज्ञा विंडोजमध्ये असते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या टर्मिनलमधून तिचा एक्स्पोर्टचा पर्याय वापरला की बसलेले बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवून घेता येतात. माझ्या पेनड्राइव्हवर तो फोल्डर कायम आहे.

तिसरं साधन, सर्व्हिसेस, म्हणजे विंडोजमध्ये पडद्याआड चालणारी कामं. आवाज पूर्ण गेला असेल, व्हॉल्यूमच्या चिन्हावर फुली असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसत असेल, तर सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या दोन ओळी शोधा. दोन्ही चालू असायला हव्यात आणि ‘ऑटोमॅटिक’वर असायला हव्यात. एंडपॉइंट बिल्डर आधी रीस्टार्ट केलं की त्यावर अवलंबून असलेली दुसरीही बरोबर रीस्टार्ट होते. व्हिस्टाच्या वेळी मायक्रोसॉफ्टनं आवाजाच्या व्यवस्थेचा मोठा भाग सिस्टिमच्या गाभ्यातून बाहेर काढला. त्यामुळे ही यंत्रणा अडखळली तर तिला तेवढ्यापुरतं पुन्हा उभं करता येतं, सगळा कॉम्प्युटर बंद करावा लागत नाही. जलद, बिनधोक, दहापैकी नऊ गुण.

गेट हेल्पमधला ऑडिओ ट्रबलशूटर. म्यूट आहे का, चुकीचं यंत्र डीफॉल्ट झालं आहे का, सर्व्हिस बंद आहे का, हे तो एकेक करून बघतो. घरात कुणी कॉम्प्युटरला घाबरत असेल तर त्यांच्यासाठी चांगला. पण आवाजाचा दर्जा त्याला ऐकू येत नाही, येणारही नाही.

ऑप्शनल अपडेट्स म्हणजे विंडोज अपडेटच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधलं पान. तिथे ‘ड्रायव्हर अपडेट्स’ असं शीर्षक असेल तर ते उघडून बघा, पण यादीतल्या सगळ्यांवर खूण करू नका. इथे मिळणारे ड्रायव्हर कंपन्यांनीच मायक्रोसॉफ्टकडे दिलेले आणि स्वाक्षरी तपासलेले असतात, त्यामुळे सुरक्षिततेची काळजी नाही. ज्या यंत्राची तक्रार आहे तेवढ्याचाच घ्यावा. बाकीचे चांगले चालत असतील तर त्यांना हात लावायचं कारण नाही.

यानंतरही कंपनीचाच ड्रायव्हर हवा असेल तर तो कॉम्प्युटर किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून, आपला मॉडेल नंबर टाकून घ्यावा. चिप रिअलटेक या कंपनीचा आहे म्हणून थेट रिअलटेकचा सर्वसाधारण ड्रायव्हर शोधत जाण्यापेक्षा हे बरं, कारण त्या विशिष्ट बोर्डावर कुठला जॅक कुठल्या वाटेनं जोडला आहे ही माहिती बोर्ड बनवणाऱ्यानं दिलेल्या ड्रायव्हरमध्ये असते. अलीकडच्या ड्रायव्हरांत कंट्रोल अ‍ॅप वेगळं असतं, ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येतं. अ‍ॅप दिसत नाही म्हणजे ड्रायव्हर बसला नाही असं नव्हे. आणि अ‍ॅपची आवृत्ती ड्रायव्हरशी जुळली नाही तर ते उघडताना अडतं. आवाज येत असेल तर आधी अ‍ॅप बघा.

आता त्या एका क्लिकवाल्या प्रोग्रॅमबद्दल. नाव लिहीत नाही. माझा आक्षेप एका नावापुरता नाहीच. मी त्याची फक्त मोफत तपासणी चालवली. त्यानं लाल रंगात लांबलचक यादी दाखवली आणि त्यात ‘अतिशय जुने’ म्हणून जे ड्रायव्हर होते त्यांतल्या अनेकांची तारीख २१ जून २००६ होती. ही तारीख बघून कुणीही घाबरेल. पण विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरांना ही तारीख मुद्दाम दिलेली असते. दोन ड्रायव्हर बाकी सगळ्या बाबतींत सारखे ठरले तर विंडोज तारीख बघतं आणि अलीकडची निवडतं. आपल्या ड्रायव्हरला जुनी तारीख देऊन ठेवली की यंत्र बनवणाऱ्याचा ड्रायव्हर आपोआप वरचढ ठरतो. त्या ड्रायव्हरमधलं काम २००६ चं नसतं, अपडेटबरोबर तो बदलत राहतो. इंटेलनं तर चिपसेटच्या काही फायलींना १८ जुलै १९६८ ही स्वतःच्या स्थापनेची तारीख याच कारणासाठी दिली आहे. हा संकेत ड्रायव्हरांचं काम करणाऱ्यांना माहीत असतो. तो माहीत नसल्यासारखी यादी लाल करून समोर ठेवायची आणि ‘दुरुस्त करा’ या बटणामागे पैसे मागायचे, हे मला अजिबात योग्य वाटत नाही. जिला तारखेचा अर्थ माहीत नाही अशी व्यक्ती घाबरून पैसे देते, आणि तिच्या चांगल्या चाललेल्या यंत्रावर दहा-बारा ड्रायव्हर एकदम बदलले जातात. त्यानंतर बिघाड झाला तर कशामुळे झाला हे शोधणं जवळजवळ अशक्य. एका वेळी एकच बदल आणि मग ऐकून बघणं, हा ड्रायव्हरच्या कामातला पहिला नियम आहे, आणि तोच इथे मोडला जातो. गुण शून्य. वापरू नका.

लेटन्सीमॉनची गोष्ट अगदी उलट आहे. रेझप्लेंडन्सचं हे सॉफ्टवेअर काहीही दुरुस्त करत नाही, फक्त मोजतं. आवाजात मधेच टिक, चर्र, क्षणभराची गळती असं काही येत असेल तर हे चालवा. विंडोजची ऑडिओ व्यवस्था साधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा पुढे सरकवते. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतले तर, तो ४८० नमुन्यांचा होतो. त्या वेळात दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरनं प्रोसेसर अडवून धरला तर तुकडा वेळेवर पोचत नाही, आणि कानाला टिक ऐकू येते. म्हणजे दोष ऑडिओच्या ड्रायव्हरचा असेलच असं नाही. लेटन्सीमॉनच्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर कुणी सर्वांत जास्त वेळ अडवला ते दिसतं. माझ्याकडे बारीक टिका येत होत्या आणि यादीत वर होता वाय-फायचा ड्रायव्हर. वाचताना वाय-फाय बंद केलं, टिका थांबल्या. मग त्याचा नवा ड्रायव्हर बसवला आणि वाय-फाय चालू ठेवूनही थांबलेल्याच राहिल्या. इथे नवा ड्रायव्हर खरंच कामाला आला, आणि कुठल्या यंत्राचा तो घ्यायचा हे मोजून कळलं होतं. ऑडिओचा ड्रायव्हर चार-चार वेळा बदलून थकलेल्या प्रत्येकानं हे सॉफ्टवेअर आधी चालवावं. पडद्यावरचे आकडे पहिल्यांदा अवघड वाटतात. फक्त कुणाचं नाव वर आहे तेवढं बघितलं तरी चालतं.

साधनांच्या यादीत नाही, पण तपासणीत मला फार उपयोगी पडलेली एक वस्तू सांगते: छोटा यूएसबी साउंड अ‍ॅडॉप्टर. यूएसबी ऑडिओचंही १९९८ पासून स्वतःचं प्रमाण आहे, आणि अशा साध्या अ‍ॅडॉप्टरला विंडोजचाच ड्रायव्हर लागतो. लावला की चालू. त्यातून आवाज स्वच्छ आला तर विंडोजची व्यवस्था ठीक आहे आणि बिघाड मदरबोर्डच्या चिपच्या किंवा त्याच्या ड्रायव्हरच्या बाजूला आहे. त्यातूनही तसाच बिघडलेला आला तर ड्रायव्हर सोडून दुसरीकडे बघायचं. जास्त चांगल्या ऑडिओ इंटरफेससाठी, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या बाहेरच्या यंत्रासाठी, लागणाऱ्या यूएसबी ऑडिओ २.० ला विंडोज १० मध्ये २०१७ साली आधार मिळाला, त्यामुळे त्यांतलेही बरेच आता वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. रेकॉर्डिंगसाठी ज्यांना आवाज लगेच परत ऐकायचा असतो त्यांनी मात्र इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर घ्यावा. स्टाइनबर्गनं १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत विंडोजचं मिक्सिंग बाजूला ठेवून थेट यंत्राशी बोलते, आणि तिथे तो फरक कानाला कळतो.

ब्लूटूथ हेडसेटबद्दलही इथेच लिहिते, कारण त्याची तक्रार फार ऐकते. गाणं छान वाजतं आणि कॉल सुरू झाला की आवाज टेलिफोनसारखा होतो. माइक वापरात आला की हेडसेट हँड्स-फ्री प्रकारात जातो आणि दोन्हीकडचा आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झच्या एकेरी चॅनेलवर येतो. हे जुन्या ब्लूटूथ ऑडिओचं बंधन आहे. त्यासाठी ड्रायव्हर शोधत बसू नका. माइक वेगळा घ्या, हेडसेट फक्त ऐकायला ठेवा.

आणि सगळं करूनही आवाज येतच नसेल, तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या सिस्टिमची कुठलीही लाइव्ह पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू करा. हार्ड डिस्कवर काही बसवायचं नाही, नुसतं ‘ट्राय’ म्हणायचं. लिनक्सच्या गाभ्यात हाय डेफिनिशन ऑडिओचे स्वतःचे ड्रायव्हर असतात. तिथे आवाज आला तर चिप जिवंत आहे आणि विंडोजकडे परत जाऊन शोधायचं. तिथेही नाही आला तर जॅक, केबल, पुढच्या पॅनेलची आतली वायर, बायोसमधलं (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधलं) ऑनबोर्ड ऑडिओचं सेटिंग, या क्रमानं बघायचं.

विंडोजच्या या साधनांकडून माझी एक मागणी आहे. रोल बॅकचं बटण साउंड सेटिंग्जच्या पानावर हवं, आणि तिथेच बसलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती, तो कुठल्या दिवशी बसला आणि त्याच्याबरोबर कुठल्या प्रक्रिया आल्या, हे साध्या भाषेत लिहिलेलं हवं. आवाज कधीपासून बदलला हे ऐकणाऱ्याला आठवत असतं. त्या दिवशी कॉम्प्युटरमध्ये काय बसलं होतं हे त्याच पानावर दिसलं, तर निम्म्या लोकांना पुढचं काही शोधावंच लागणार नाही.